डोकं दुखतंय आणि पाठवलं समुपदेशकाकडं!

"म्हणजे माझं दुखणं खोटं हाय का, मॅडम?" मी समुपदेशक. डॉक्टरांनी माझ्याकडं पाठवलेले अर्धशिशीचे (मायग्रेनचे) रुग्ण हा प्रश्न नेहमी विचारतात. लातूरच्या मोंढ्यात आडत दुकानावर दिवाणजी असलेल्या एका गृहस्थांनी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) तो रागातच विचारला.

सोयाबीनची आवक वाढली की सकाळी नुसत्या चहावर निघायचं, दुपारचं जेवण चारला, रात्री हिशेब. अर्धं डोकं ठणकायचं, उजेड सोसायचा नाही, उलटी झाली की जरा बरं वाटायचं. म्हणून घरात सगळे म्हणत, "पित्त हाय." आपल्याकडं किती जणांची अर्धशिशी वर्षानुवर्षं पित्ताच्या नावावर खपते! मेडिकलवरची गोळी आधी कधीमधी, मग जवळजवळ रोज.

झोपेचं विचारलं तर ते गप्प. बायको बोलल्या, "रात्री तीनपर्यंत जागेच राहतेत. लेकरांशी बोलणंच सोडलंय. भजनाला जायचे, तेबी बंद."

दुखणं खोटं नव्हतंच. अर्धशिशी हा मेंदूचा आजार आहे. पण नैराश्य, चिंता, निद्रानाश तिच्यासोबत बऱ्याचदा असतात, आणि एकानं दुसरं वाढतं. एकावरच उपचार केले तर दुसरं त्याचा गुण टिकू देत नाही. त्यात गोळ्यांची भर. साधी वेदनाशामक महिन्यात 15 दिवस, मिश्र औषधाची (एकाच गोळीत दोन-तीन औषधं) 10 दिवस किंवा त्याहून जास्त, असं तीन महिन्यांवर चाललं की गोळीच डोकं दुखवायला लागते.

मी त्यांना कॅलेंडरवर खुणा करायला लावल्या. डोकं दुखलं तर फुली, गोळी घेतली तर टिंब. महिन्याअखेर टिंबं फुल्यांपेक्षा जास्त! "दुखंल म्हणून आधीच घेतो," ते म्हणाले. माझं काम त्या भीतीवर होतं. गोळ्या डॉक्टरांनी सोडवल्या आणि रात्री अमिट्रिप्टिलिनचा लहान डोस दिला. त्यानं अर्धशिशीचे झटके कमी होतात, झोपही लागते. सुरुवातीचे दिवस वाईट गेले, हे आधीच सांगितलेलं बरं. आता फुल्या कमी आहेत, जेवण एक वाजता होतं. उदासी अजून आहे, भेटी चालू आहेत.

मध्येच एकदा बायकोनं स्वतःचं विचारलं. डोकं दुखायच्या आधी त्यांच्या डोळ्यांपुढं चमकत्या नागमोडी रेषा येतात, आणि पाळणा लांबवायच्या गोळ्या चालू आहेत. अशा अर्धशिशीत इस्ट्रोजेन (स्त्री-संप्रेरक) असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो. त्यांना मी त्याच दिवशी डॉक्टरांकडं पाठवलं.