लग्न की मतदान?

प्रश्न : माझी मुलगी टेक्सासमध्ये असते, तिथली नागरिक आहे. २०२४ मध्ये मतदान होतं ५ नोव्हेंबरला आणि हिने २२ ऑक्टोबरलाच केंद्रावर जाऊन मत देऊन टाकलं! आपल्याकडे अशी सोय आहे का? मतदानाच्या दिवशीच पुण्याला भाचीचं लग्न निघालं, तर आठवडाभर आधी मत देता येईल? सासूबाई ८६ वर्षांच्या आहेत, त्यांचं काय?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : ताई, तुमचं आधी सांगतो. नाही देता येणार. सकाळी सातला रांगेत पहिल्या उभ्या राहा आणि मग पुण्याची गाडी धरा. अक्षता चुकतील, रिसेप्शन मिळेल.

तिकडे ज्या त्या राज्याचा कायदा वेगळा. टेक्सासमध्ये २०२४ च्या नियमाने मतदानाआधीच्या सतराव्या दिवशी सुरुवात आणि चौथ्या दिवशी शेवट. तेव्हा सतरावा दिवस शनिवारी आला, म्हणून २१ ऑक्टोबरच्या सोमवारी केंद्रं उघडली. न्यू जर्सीत दहाव्या दिवशी उघडतात. आपल्याकडे सर्वसामान्य मतदाराला एकच दिवस.

सासूबाईंना मात्र घरबसल्या मत देता येईल. कर्नाटकात ही सोय २०२३ च्या विधानसभेला राज्यभर पहिल्यांदा झाली. तेव्हा वयाची अट ८० होती, मार्च २०२४ पासून ८५ आहे. फॉर्म १२-डी, म्हणजे टपाली मताचा अर्ज, भरायचा, तोही निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत. इथेच लोक फसतात. २०२४ च्या लोकसभेला चिक्कोडीचं, म्हणजे तुमचं, मतदान ७ मे रोजी होतं, पण अधिसूचना १२ एप्रिलची. १७ एप्रिलला मुदत संपली, तेव्हा गावात प्रचाराची गाडीही धड फिरत नव्हती. बीएलओ, म्हणजे आपल्या केंद्राच्या मतदार यादीचं काम बघणारा कर्मचारी, फॉर्म घरी आणून देतो. कन्नड फॉर्म हातात पडला तर नातवाला वाचायला बसवा. अर्ज मंजूर झाला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. मत घ्यायला पथक घरी येईल त्या दिवशी सासूबाई घरी नसल्या तर ते आणखी एकदा येतं, तिसऱ्यांदा नाही.

आधी स्वतः जाऊन मत देणं आपल्याकडे अगदीच नाही असं नाही, पण त्याला निवडणुकीची ड्युटी लागावी लागते. मी बेळगावात राहणारा शिक्षक. एका लोकसभेला ड्युटी लागली खानापूरच्या जंगलातल्या एका गावात. खानापूर म्हणजे बेळगावच, असं आपण धरून चालतो, पण लोकसभेला तो तालुका कारवारबरोबर उत्तर कन्नड मतदारसंघात जातो. ड्युटीच्या केंद्रावरच मत द्यायचं प्रमाणपत्र आपल्याच मतदारसंघात चालतं, त्यामुळे ते माझ्या कामाचं नव्हतं. टपाली मतपत्रिका मागवली, ती घरी आली निकालानंतर तिसऱ्या दिवशी. बायको म्हणाली, फ्रेम करून लावा. दिवसभर दुसऱ्यांच्या बोटांना शाई लावली, माझं बोट कोरडंच. २०२३ मध्ये नियम बदलला. आता असे कर्मचारी ड्युटीवर जाण्याआधी सुविधा केंद्रातच, म्हणजे त्यांच्यासाठी उघडलेल्या मतदानाच्या जागीच, मत देतात. निवडणूक आयोगाने त्या निवडणुकीपुरत्या जाहीर केलेल्या अत्यावश्यक सेवांतल्या लोकांसाठीही मतदानाच्या आधी ठरलेले तीन दिवस, ९ ते ५, टपाली मतदान केंद्र उघडं असतं. त्यांनाही १२-डीच भरावा लागतो.

एक काम आजच करा. मतदार यादीत सासूबाईंचं वय किती लागलंय ते बघा, कारण तेच धरतात. आमच्या भागातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा जन्म १ जूनचा, आणि साल मास्तरांनी अंदाजाने टाकलेलं.