इंदुरात मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी शिष्यवृत्ती कुठे शोधावी? खुल्या वर्गाला काही मिळतं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलीला मध्य प्रदेश बोर्डाच्या बारावीत 81 टक्के पडले, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आसपास आहे आणि भेटेल तो सांगतोय की खुल्या वर्गातल्यांना काही मिळत नाही. हे साफ चूक आहे. इथल्याच एका कॉलेजात मी शिष्यवृत्तीचे अर्ज तपासायचं काम केलंय. या एका गैरसमजापायी किती घरं अर्जच भरत नाहीत, ते पाहून जीव तुटतो.

पहिली गोष्ट प्रवेशाआधीची आहे, तेव्हा ती आधी बघा. डीटीईच्या, म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण संचालनालयाच्या, काउन्सेलिंगमध्ये कॉलेजांचा पसंतीक्रम भरताना टीएफडब्ल्यूचा, म्हणजे ट्यूशन फी माफीच्या जागांचा पर्याय असतो. शाखेच्या मंजूर जागांवर आणखी 5 टक्के जागा त्यासाठी असतात. आई-वडिलांचं उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं, बाकी सगळं गुणवत्तेवर. पण त्या जागेवरून पुढे कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. त्यामुळे केवळ फी वाचते म्हणून मुलीला नको असलेली शाखा घेऊ नका.

दुसरी मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना. राज्य बोर्डाला 70 टक्के आणि सीबीएसईला 85 टक्के लागतात, म्हणजे गुणांत तुमची मुलगी बसते, उत्पन्नातही बसते. प्रश्न रँकचा. इंजिनिअरिंगसाठी जेईई मेनमध्ये दीड लाखाच्या आतली रँक हवी. ती असेल तर सरकारी कॉलेजची फी सरकार भरतं. खाजगी असेल तर दीड लाख रुपये किंवा प्रत्यक्ष फी, यातलं जे कमी असेल ते. होळकर सायन्स कॉलेजात बीएस्सी करायचं ठरलं तर जेईईची अटच नाही.

रँक दीड लाखाच्या बाहेर गेली तरी हात टेकू नका. एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, प्रगती शिष्यवृत्ती खास तांत्रिक शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी आहे. वर्षाला 50 हजार, उत्पन्नाची मर्यादा 8 लाख, आणि एका घरातल्या दोन मुलींपर्यंत मिळते. कॉलेज एआयसीटीईची मान्यता असलेलं हवं. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरायचा. केंद्राची आणखी एक आहे, बोर्डातल्या वरच्या 20 पर्सेंटाइलमधल्या मुलांसाठी, पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दरसाल 12 हजारांची. रक्कम बघता मुलीसाठी आधी प्रगतीच धरा, कारण या दोन्ही एकदम घेता येत नाहीत.

आता कागदांचं. माझ्या अनुभवात पैसे अडकतात ते इथे. आपल्या मराठी घरांत आधारवर मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तिन्ही असतं आणि दहावीच्या मार्कशीटवर नुसतं नाव-आडनाव. समग्र आयडीत, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या रहिवासी ओळख क्रमांकात, आणखी तिसरंच काहीतरी, एखादं रोमन अक्षर कमी-जास्त. माणसाला कळतं की ही एकच मुलगी, पोर्टलला कळत नाही. म्हणून दहावीची मार्कशीट प्रमाण मानून आधार आणि समग्र त्याप्रमाणे करून घ्या, समग्रचं ई-केवायसीही. उत्पन्नाचा दाखला आणि मूळ निवासी प्रमाणपत्र लोकसेवा केंद्रातून काढा, आणि शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका.

बँकेचंही तसंच. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात, तुम्ही फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही. एका मुलीचा अर्ज मंजूर, रक्कम पाठवल्याचं पोर्टलवर दिसतंय आणि हातात काही नाही, असं झालं होतं. शेवटी सापडले ते शाळेत असताना गणवेशाच्या पैशांसाठी उघडलेल्या जुन्या खात्यात. म्हणून बँकेत जाऊन 'आधार डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) या खात्याला सीड करा' असं स्पष्ट सांगा. नुसतं 'लिंक' म्हटलं की केवायसी करून परत पाठवतात.

अर्ज ऑनलाइन भरला की काम संपलं असंही नाही. कॉलेजने तो पडताळून पुढे पाठवावा लागतो. छापील प्रत घेऊन मुलीनेच छात्रवृत्ती शाखेत जावं आणि स्टेटस बदलेपर्यंत विचारत राहावं. संकोच करू नये, तिच्या हक्काचं आहे ते.

पुण्याचे नातेवाईक महाडीबीटी, म्हणजे महाराष्ट्र सरकारचं शिष्यवृत्ती पोर्टल, सुचवतील. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती तिथल्या रहिवाशांसाठी आहे, आपण मध्य प्रदेशचे रहिवासी, त्यात वेळ घालवू नका.

खाजगींपैकी रिलायन्स फाउंडेशनची पदवी शिष्यवृत्ती भरण्यासारखी आहे. पहिल्या वर्षालाच अर्ज करता येतो, ऑनलाइन परीक्षा असते, पूर्ण पदवीत मिळून 2 लाखांपर्यंत मदत होते. कोणी 'मंजूर करून देतो' म्हणत पैसे किंवा ओटीपी मागितला तर फोन ठेवून द्या. सरकारी पोर्टलवर अर्ज भरायला शुल्क नाही.

मुलीची जेईई रँक आणि तिला कोणती शाखा हवी ते इथेच कळवा, म्हणजे मेधावी धरायची की टीएफडब्ल्यू आणि प्रगती, ते नेमकं सांगता येईल.