अपडेट बंद करू नका, वेळ तुम्ही ठरवा

प्रश्न : मी आमच्या बचत गटाचे हिशेब घरी लॅपटॉपवर लिहिते. ब्रॉडबँड नाही, मिस्टरांच्या मोबाईलचं हॉटस्पॉट लावते. लॅपटॉप सुरू केला की अपडेट उतरायला लागतं आणि दुपारपर्यंत दिवसाचा दीड जीबी खलास. भाचा म्हणतो, "मावशी, अपडेटची सर्व्हिसच डिसेबल करून टाकतो, कटकट मिटेल." करू देऊ का?
– एक वाचक, आटपाडी

उत्तर : नको. भाच्याला चहा पाजा, पण सर्व्हिसला हात लावू देऊ नका. नव्या व्हायरसची माहिती डिफेंडरला, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसला, त्याच वाटेनं मिळते. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून एखादं ॲप घ्यायला गेलात तर तेही अडतं. शिवाय विंडोज ही सर्व्हिस बरेचदा आपणहून पुन्हा चालू करतं. मग बोलवा परत भाच्याला!

ताई, तुमचं दुखणं डेटाचं आहे. हॉटस्पॉट जोडलेलं असताना सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, मग त्या हॉटस्पॉटच्या प्रॉपर्टीज उघडा आणि 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. इथं डेटा मोजून मिळतो हे विंडोजला कळतं आणि बहुतेक अपडेट उतरायचे थांबतात. अगदी निकडीचं थोडंफार येईल, तेवढं येऊ द्या. अपडेटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये मीटर्ड कनेक्शनवरून डाऊनलोडला परवानगी देणारं बटण असतं, ते मात्र बंद हवं. ही खूण त्या एका नेटवर्कपुरतीच राहते. त्यामुळे महिन्यातून एकदा ब्रॉडबँडवाल्या नणंदेकडे लॅपटॉप न्या आणि चार्जर लावून ठेवा. तुमच्या गप्पा रंगतात तोवर सगळं उतरलेलं असेल.

कधी न्यायचा? दर महिन्याचं सुरक्षा अपडेट अमेरिकेतल्या दुसऱ्या मंगळवारी निघतं, आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते. मी आठवडाभर 'पॉज' करून ठेवतो. काही बिघडायचं असेल तर आधी दुसऱ्यांच्या मशीनवर बिघडू दे. स्वार्थी सल्ला आहे, पण मी हाच पाळतो. पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं, पण तेवढं ताणू नका. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा 'वॉनाक्राय' व्हायरस मे 2017 मध्ये आला, त्यावरचा उपाय मार्चमध्येच निघाला होता. ज्यांनी तो घेतला नाही, त्यांची यंत्रं सापडली. जूनमध्ये त्याच फटीचा वापर करणारा दुसरा हल्ला झाला, तेव्हा उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं.

हिशेबाच्या वेळी रीस्टार्ट नको असेल तर 'ॲक्टिव्ह अवर्स', म्हणजे तुमच्या कामाचे तास, हातानं भरा, सलग 18 तासांपर्यंत चालतं.

एक मात्र तपासा. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, 'विनव्हर' (winver) टाइप करून एंटर मारा. विंडोज 10 दिसलं तर त्याचा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आहे. तसं असेल तर लॅपटॉपचं मॉडेल कळवा, 11 चढेल का ते पुढच्या अंकात सांगतो.