सापाच्या पेटीतली ऊब: थर्मोस्टॅटवर किती विसंबायचं?

प्रश्न: बॉल पायथनच्या (पाळीव अजगराच्या) काचेच्या पेटीखाली हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, लावली आहे. ती कमी वॅटची असल्यामुळे थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज कमी किंवा बंद करणारं उपकरण) लागत नाही, असं विक्रेत्याने सांगितलं. खरं आहे का?

अजिबात नाही. कमी वॅटची मॅट हळू तापते एवढंच. उष्णता कोंडली की तीही तापतच जाते. मॅटवर काच, काचेवर भुशाचा जाड थर आणि त्यावर वेटोळं घालून बसलेला साप असेल, तर ऊब जाणार कुठे? पोटाला चटका बसला की साप आपणहून सरकेल, या भरवशावर राहू नका. पोट भाजेपर्यंत तापलेल्या जागीच पडून राहिलेले साप प्राण्यांच्या डॉक्टरांकडे येतात. पोटाचे खवले लालसर, तपकिरी किंवा फोड आल्यासारखे दिसले, तर घरचं मलम न लावता डॉक्टर गाठा. थर्मोस्टॅट येईपर्यंत मॅट बंद ठेवा.

प्रश्न: थर्मोस्टॅट ३२ अंशांवर लावलाय, पण इन्फ्रारेड थर्मामीटरने पेटीचा तळ ४१ अंश दिसतो. यातलं बिघडलंय काय?

बहुधा काहीच बिघडलेलं नाही. प्रोब, म्हणजे थर्मोस्टॅटच्या वायरच्या टोकाचा तापमान मोजणारा भाग, जिथे टेकला आहे, तेवढ्याच जागेचं तापमान थर्मोस्टॅटला कळतं. तुमचा प्रोब हवेत लोंबकळत असावा किंवा भुशावर पडलेला असावा. तिथली हवा ३२ अंश करायची म्हणून मॅट खालून धापा टाकत राहते आणि तळ पोळतो.

प्रोब पेटीबाहेर, मॅट आणि काचेच्या मधोमध बसवा. तिथे सापाला तो ढकलता येत नाही आणि पाणीही पोहोचत नाही. पेटीतला प्रोब सापाने ओढून थंड कोपऱ्यात नेला किंवा त्यावर पाण्याचं भांडं सांडलं, तर थर्मोस्टॅटला सगळं गारच वाटतं आणि मॅट पूर्ण जोरात चालू राहते. पेटीच्या आत चिकटपट्टी मात्र कधीच वापरू नका. ती सापाला चिकटते आणि सोडवताना कातडी सोलवटते.

प्रोब बाहेर असला की थर्मोस्टॅटवरचा आकडा आणि आतलं तापमान यांत थोडा फरक पडतो. म्हणून भुसा बाजूला सारून उघड्या काचेचं तापमान मोजा; साप भुसा उकरून तिथवर जातोच. बॉल पायथनच्या उबदार बाजूला ते ३१ ते ३३ अंश येईपर्यंत सेटिंग थोडं थोडं बदला. प्रत्येक बदलानंतर काही तास जाऊ द्या, लगेच घेतलेलं माप फसवं असतं.

प्रश्न: बल्ब सारखा चालू-बंद होतो. थर्मोस्टॅट बदलू का?

हो. बल्बला डिमिंग थर्मोस्टॅट हवा; तो वीज तोडत नाही, हळूहळू कमी-जास्त करतो. सिरॅमिक हीटरला (उजेड न देता ऊब देणाऱ्या बल्बसारख्या हीटरला) पल्स (वीज थोड्या थोड्या झटक्यांनी देणारा) किंवा डिमिंग चालतो, मॅटला साधा ऑन-ऑफही पुरतो. सिरॅमिक हीटर प्लॅस्टिकच्या होल्डरमध्ये लावू नका, पोर्सिलेनचाच घ्या. बल्ब किंवा हीटर पेटीच्या आत असेल तर त्याभोवती जाळी हवीच, कारण साप त्याला विळखा घालतात.

प्रश्न: रात्री वीज गेली तर?

निरोगी मोठा साप काही तासांचा गारवा सोसतो. पेटीभोवती गोधडी गुंडाळा, पण हवा खेळती ठेवा. वीज येऊन पेटी पुन्हा उबदार होईपर्यंत खायला देऊ नका. गारव्यात अन्न पचत नाही आणि साप ते ओकून टाकतो.

प्रश्न: थर्मोस्टॅटच बिघडला तर?

बिघडतो, आणि कधीकधी 'चालू' स्थितीतच अडकतो. म्हणून स्वतःचा वेगळा प्रोब आणि अलार्म असलेला दुसरा थर्मामीटर ठेवाच. याहून पक्की सोय म्हणजे पहिल्याच्या आधी दुसरा थर्मोस्टॅट जोडून तो दोन-तीन अंश वर लावणं. पहिला अडकला तर दुसरा वीज तोडतो. शिवाय मॅट तळाच्या एक तृतीयांशाहून मोठी नको. उरलेली बाजू २५ ते २७ अंशांवर राहिली आणि तिथेही लपायला जागा असली, तर सापाला उष्णतेपासून दूर जाता येतं.