जपानी बँटम या बुटक्या कोंबड्यांची जोडी घेतली आहे, नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेतल्या प्रदर्शनात न्यायची आहे. गोचीड-उवा लागू नयेत म्हणून कोंबड्यांवर कोणतं औषध फवारावं?

तुम्ही लातूरहून विचारताय, तपशिलात लिहिलंय की खुराडं घराच्या जुन्या मातीच्या भिंतीला लागून आहे, आणि वर विचारलंय की कोंबड्यांवर काय फवारू. हे वाचून राहवलं नाही. कोंबडी नंतर, आधी ती भिंत बघा.

आमचं घर माळवदाचं, म्हणजे लाकडावर मातीचं छत असलेलं, परभणी जिल्ह्यातलं. सासूबाईंच्या काळापासूनचं खुराडं पांढऱ्या मातीच्या भिंतीतच कोरलेलं होतं. गावरान कोंबड्या त्यात वर्षानुवर्षं राहिल्या. मी बँटम आणल्या, आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्यांचे तुरे पांढुरके पडायला लागले. संध्याकाळ झाली की आत जायला नको म्हणायच्या, हाकललं तर कडुलिंबाच्या फांदीवर चढायच्या. खुडूक बसलेली एक तलंग (तरुण कोंबडी) मात्र अंडी सोडून उठेना. ती अंड्यांवरच मेली.

भाऊजींचा रोडला ब्रॉयलरचा शेड आहे, त्यामुळे कोंबड्यांतलं सगळं त्यांनाच कळतं असं घरात धरलेलं. ते आले, भरदुपारी एकेक कोंबडी उलटी करून पाहिली आणि म्हणाले, “वहिनी, अंगावर तर काहीच नाही. मानमोडी असंल. हे खेळण्यातले पक्षी आपल्या उन्हात टिकत नसतेत, इकून टाका.”

मानमोडीत, म्हणजे राणीखेत रोगात, मान वाकडी होते, हिरवी हगवण लागते, पक्षी धापा टाकतो. यातलं काहीच नव्हतं, लसही दिलेली होती. मी रात्री बॅटरी घेऊन गेले. भिंतीच्या फटींतून टरबुजाच्या बीएवढे चपटे गोचीड ओळीनं बाहेर येत होते आणि कोंबड्यांच्या मांड्यांना, पंखांखाली चिकटत होते. हा गोचीड गाई-म्हशीच्या गोचिडासारखा दिवसरात्र अंगावर राहत नाही. रात्री येतो, अर्ध्या-पाऊण तासात रक्त पिऊन परत फटीत जातो, अंडीही तिथंच घालतो. दिवसा सापडलीच तर फक्त त्याची बारीक पिल्लं सापडतात, ती पंखाखाली काही दिवस चिकटून राहतात आणि काळपट ठिपक्यांसारखी दिसतात. याच गोचिडामुळं रक्तात जंतू जाऊन ताप येतो, पाय लुळे पडतात. पाऊण किलोचाही नसलेला बँटम रात्रीमागून रात्री किती रक्त देणार?

भाऊजींना बोलावून दाखवलं. तरी त्यांचं एकच, “फवारा मारला की झालं.” मी माहेरी गेले तेव्हा त्यांनी कपाशीचं उरलेलं औषध पंपात घालून खुराड्यात, कोंबड्यांसकट, मारलं. परत आले तर माझा पांढरा नर आणि पिलं गेलेली. शेतातली कीटकनाशकं कोंबडीवर मारू नका, मोनोक्रोटोफॉससारखं औषध तर पक्ष्यांना अतिशय जहाल असतं. आणि एवढं करून भिंतीतले गोचीड जिवंतच होते, कारण फवारा फटीच्या तोंडाशीच थांबतो.

मग म्हणाले, खुराडं रिकामं ठेवा, उपाशी मरतील. पुढच्या उन्हाळ्यात त्याच फटीत काडी घातली तर हलणारे गोचीड निघाले. मोठा गोचीड वर्षाहून जास्त काळ न खाता राहू शकतो. ब्रॉयलरचा हिशेब इथं लावायचाच नसतो. तिथली बॅच पाच-सहा आठवड्यांत निघून जाते, मग शेड रिकामा करून धुतात, चुना मारतात. बँटम त्याच जागी वर्षानुवर्षं झोपतो.

मी खुराडं भिंतीपासून तोडलं. लोखंडी अँगल, जाळी, वर पत्रा, चारी पायांखाली जळक्या तेलाच्या वाट्या, म्हणजे गोचीड वर चढत नाहीत. बसायची दांडी गुळगुळीत लाकडाची आणि काढता येणारी ठेवली, कारण बांबूच्या पोकळ टोकांतही हेच किडे लपतात. जुन्या भिंतीच्या फटी बुजवून सिमेंटचा गिलावा केला. तुरे पुन्हा लालभडक झाले. पुढं एका प्रदर्शनात तपासणाऱ्या डॉक्टरांनी माझ्या मादीचा पंख उचलला, शेपटीखालची पिसं फुंकून पाहिली आणि शेजारच्याला म्हणाले, “पक्षी असा पाहिजे.” तिला पहिला नंबर मिळाला. भाऊजी अजूनही पाहुण्यांना सांगतात की तो त्यांच्या फवाऱ्याचा गुण. तो गुण गिलाव्याचा आणि त्या चार वाट्यांचा होता.

आता उवांचं. उवा मात्र अंगावरच राहतात, तिथं पक्ष्यालाच औषध लागतं. शेपटीखाली पिसांच्या बुडाशी लिखांचे पांढरे गठ्ठे दिसतील. औषधानं लिखा मरत नाहीत, म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा द्यावं लागतं. कोणतं आणि किती, हे पशुवैद्यकीय दवाखान्यात पक्षी नेऊन विचारा. लातूरहून तुम्हाला उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही जवळ आहे. औषधानंतर अंडी किती दिवस खायची नाहीत हेही तिथंच विचारून घ्या. कोरडी राख आणि वाळू मिसळून लोळायला द्या, पण नुसत्या राखेनं लागलेल्या उवा जात नाहीत. कडुलिंबाच्या धुरानं भिंतीतला गोचीडही जात नाही, उलट कोंबड्याच गुदमरतात.

जपानी बँटमचे पाय आखूड, पोट जवळजवळ जमिनीला लागतं. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत सोडलात तर पिसांचं वाटोळं होईल, खाली वाळू टाका. आंघोळ प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी घालू नका, तीन-चार दिवस आधी घाला, म्हणजे पिसांवर तेल परत येतं. नर-मादी दोन्ही आखूड पायांचे असतील तर चौथा हिस्सा गर्भ अंड्यातच मरतात. त्यासाठी खुडूक कोंबडीला दोष देऊ नका, लांब पायांची मादी लावा.

गॅसच्या ज्योतीनं फटी जाळा असं कोणी सांगेल. लोखंडी खुराड्याला चालतं, माळवदाच्या घरात अजिबात करू नका, वर सगळं सागवान असतं. आणि यात्रेतून आल्यावर जोडीला तीन आठवडे बाकीच्यांपासून लांब, वेगळ्या डालग्याखाली ठेवा. तिथल्या पिंजऱ्यात आधी कोण बसून गेलं, ते आपल्याला माहीत नसतं.