शोकवस्त्रांवरून हस्तनिर्मित संग्रह करायचा असेल, तर काळा रंग पुरेसा आहे का?

आपण पदवीच्या प्रकल्पासाठी व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमधील शोकवस्त्रांवरून सहा पोशाख हाताने घडवणार आहात आणि काळा रंग, लेस व चेहऱ्यावरची जाळी एवढ्यावर संग्रह उभा राहील का, असे विचारले आहे. मी वस्त्ररचना शिकवतो. माझ्या मते तो उभा राहणार नाही, कारण त्या पोशाखांचे मर्म रंगापेक्षाही कापडाच्या निस्तेजपणात होते.

विधवेच्या पहिल्या वर्षाच्या पोशाखावर क्रेप असे. घट्ट पिळाच्या रेशमी सुताचे हे विरळ कापड तापवलेल्या नक्षीदार रुळांमधून काढून मुद्दाम सुरकुतवले जाई, त्यामुळे त्याला रेशमाची झळाळी उरत नसे. एसेक्समधील कोर्टोल्ड कंपनीने या एका कापडावर अमाप पैसा कमावला. नेसणारीचे मात्र हाल होत. पावसाचा थेंब पडला की क्रेपवर डाग उठे आणि ओलसर कापडाचा काळा रंग कातडीला लागे. मला तर हा दोषच आपल्यासाठी सर्वांत मोलाचा वाटतो. एखाद्या पोशाखाला आतून पांढरी कॉलर लावून, मानेच्या घर्षणाने तिच्यावर उतरलेला काळा रंग तसाच ठेवला, तर लेसच्या दहा झालरींना जे सांगता येणार नाही ते तेवढी कॉलर सांगेल.

असा निस्तेज काळा हाताने मिळवण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे : सुती कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवायचे आणि मग गंजके लोखंड व गूळ आंबवून केलेल्या पाण्यातून काढायचे. रेशमावर हा प्रयोग जपून करावा, कारण लोखंडामुळे रेशीम काही वर्षांत ठिसूळ होते. ज्या शिवणीवर ताण येतो तिथे तरी सुती कापडच ठेवावे.

पोशाखांचा क्रम काळावरून ठरवता येईल. विधवेचा पहिला टप्पा एक वर्ष आणि एक दिवसाचा मानला जाई. पुढे क्रेप कमी होत होत शेवटी राखाडी आणि फिकट जांभळ्या रंगांना मुभा मिळे. राणी व्हिक्टोरियाने मात्र 1861 मध्ये पती अल्बर्टच्या निधनानंतर चढवलेला काळा पोशाख 1901 मध्ये मरेपर्यंत उतरवला नाही. दागिन्यांत इंग्लंडमधील व्हिटबी गावचे जेट, म्हणजे जीवाश्म लाकडापासून झालेला काळा दगड, पाहावे; ते हाताला हलके लागते, तर त्याची नक्कल करणारे काळ्या काचेचे मणी जड असतात.

याच संग्रहात महाराष्ट्रातील विधवांचे आलवण, म्हणजे तांबडे लुगडे, घेण्याचा मोह आपल्याला होईल. तो टाळावा, असे मी आग्रहाने सांगेन. केशवपन केलेल्या बाईवर आलवण लादले जाई ते जन्मभरासाठी, आणि त्यात फिकट जांभळ्यापर्यंत पोहोचवणारा कोणताही टप्पा नव्हता. त्यावर काम करायचेच असेल, तर ते स्वतंत्र संग्रहात करावे.