दहा गुणांसाठी केलेली सेवा खोटी असते का?

“मॅडम, मी ढोंगी आहे का?” समोरच्या खुर्चीत बसताच निखिलने विचारले. त्याचे नाव आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. मुंबईतील एका ख्रिस्ती महाविद्यालयात तो कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला अर्थशास्त्र शिकत होता आणि राष्ट्रीय सेवा योजनेत त्याने नाव घातले होते ते, त्याच्याच शब्दांत, ‘वाढीव दहा गुणांसाठी’. वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240 तास आणि 7 दिवसांचे शिबिर हा हिशेब त्याला तोंडपाठ होता. दर शनिवारी तो वस्तीतल्या अभ्यासिकेत जाई, मुलांबरोबर फोटो काढून घेई, वहीवर सही घेई आणि लोकल पकडून घरी परते. एके दिवशी सकाळच्या प्रार्थनासभेत फादरांनी मत्तयाच्या शुभवर्तमानातला उपदेश सांगितला, की दानधर्म करताना उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू नये. हिंदू घरातल्या या मुलाने तो इतका मनाला लावून घेतला की त्याने योजनाच सोडायचे ठरवले.

ही चिंता घेऊन दरवर्षी कोणी ना कोणी माझ्याकडे येते, आणि बहुधा येतात ती प्रामाणिक मुले. ज्याला खरोखर फक्त गुणच हवे असतात, त्याची झोप उडत नाही. निखिलला मी विचारले, “अभ्यासिकेतल्या मुलांपैकी कोणाकोणाची नावे आठवतात?” दोन महिन्यांत भरलेले तास त्याला अचूक सांगता आले, पण एकाही मुलाचे नाव सांगता येईना. तो गप्प झाला. तिथे आधीच सात-आठ स्वयंसेवक होते, त्यामुळे तो आला नाही तरी कोणाचे काही अडत नव्हते. माझ्या मते त्याच्या अस्वस्थतेचे मूळ ढोंगात नव्हते, त्या रिकामेपणात होते.

फादरांच्या उपदेशाचा मान राखून मी त्याला त्याच शुभवर्तमानातला दुसरा दाखला सांगितला. एक बाप दोन मुलांना द्राक्षमळ्यात कामाला जायला सांगतो. पहिला ‘जात नाही’ म्हणतो आणि मागाहून जातो, दुसरा ‘जातो’ म्हणतो आणि जात नाही. बापाची इच्छा कोणी पाळली, असा प्रश्न येशू ऐकणाऱ्यांना विचारतो. “पहिल्याने,” निखिल लगेच म्हणाला, आणि मग बराच वेळ काही बोलला नाही.

सेवेची भावना आधी यायला हवी, असा माझा आग्रह नाही. काम मात्र असे हवे की त्याची कोणीतरी वाट पाहत असेल. म्हणून कार्यक्रम अधिकाऱ्यांशी बोलून आम्ही त्याला त्याच्याच वर्गातल्या एका दृष्टिहीन विद्यार्थिनीसाठी वाचनाचे काम दिले. पहिल्याच शनिवारी तो मागणीच्या वक्रापाशी अडला. “वक्र खाली येतो,” असे त्याने वाचताच तिने विचारले, “कुठून कुठे?” तेव्हा त्याच्या लक्षात आले की आकृती आपल्यालाही नीट कळलेली नाही. पुढच्या वेळी त्याने पुठ्ठ्यावर लोकरीचा धागा चिकटवून आणला, तिचे बोट डावीकडच्या वरच्या टोकावर ठेवले आणि किंमत कमी होत गेली की वक्रावरून उजवीकडे जाताना मागणी कशी वाढते हे सावकाश सांगितले. हे मला सांगताना त्याचे स्वतःचे बोट माझ्या टेबलावर तिरके खाली सरकत होते.

परीक्षेत तिचा लेखनिक व्हायची त्याची इच्छा होती, पण ते शक्य नव्हते. केंद्र सरकारच्या तेव्हा लागू असलेल्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार उमेदवाराने स्वतः आणलेल्या लेखनिकाची शैक्षणिक पात्रता त्याच्यापेक्षा एक पायरी खालची असावी लागे. तो थोडा हिरमुसला, मग तिची लेखनिक होणाऱ्या, कनिष्ठ महाविद्यालयातल्या एका अकरावीच्या मुलीला ‘लवचिकता’, ‘सीमान्त उपयोगिता’ असे शब्द ऐकून न अडखळता लिहिण्याचा सराव देऊ लागला.

दहा गुण त्याला अजूनही हवे आहेत, आणि ते त्याने माझ्यापासून लपवले नाही. लपवण्याची गरजही नाही. मध्यंतरी एका शनिवारी तो तापाने आजारी होता. “तिसरे प्रकरण राहिले आहे, बरा झालास की सांग,” असा तिचा फोन आला, तेव्हा त्याने अंथरुणात बसूनच ते प्रकरण मोबाइलवर वाचून ध्वनिमुद्रित केले आणि संध्याकाळी तिला पाठवले. त्या तासांची सही वहीत घ्यायची का, एवढेच विचारायला तो सोमवारी माझ्याकडे आला होता. मी घे म्हटले.